सस्टेनर (विद्युत गिटारसाठी, घरी बांधलेला)

विद्युत गिटारची छेडलेली तार विझू न देता चुंबकीय बलाने सतत कंपत ठेवणाऱ्या उपकरणाला सस्टेनर म्हणतात. पिकअप तारेचे कंपन टिपतो, एक लहानसा ॲम्प्लिफायर तो संकेत वाढवतो, आणि ड्रायव्हर नावाच्या दुसऱ्या कॉइलमधून ते कंपन चुंबकीय ओढीच्या रूपाने तारेला परत मिळते. बोट पडद्यावर आहे आणि बॅटरीत जीव आहे तोवर स्वर वाजत राहतो. बाजारात मिळणारे सस्टेनर महाग असल्याने घरी तो बांधण्याची धडपड जगभर चालते. ही धडपड फसते तेव्हा दोष बहुधा ॲम्प्लिफायरच्या ताकदीला दिला जातो आणि आणखी मोठा ॲम्प्लिफायर लावला जातो. हे निदान चुकीचे आहे. तारेला लागणारी ऊर्जा अगदी थोडी असते. ती योग्य क्षणी आणि फक्त तारेपर्यंतच पोहोचवणे, हेच सस्टेनरचे खरे काम. म्हणून घरगुती सस्टेनरचे यशापयश सर्किटपेक्षा ड्रायव्हरच्या कॉइलवर आणि ती गिटारवर कुठे बसवली यावर ठरते.

कंप्रेसर किंवा डिस्टॉर्शनचा पेडल लावला तरी स्वर लांबल्यासारखा वाटतो, पण तारेला त्यातून काहीच मिळत नाही. तार विझतच असते. पेडल फक्त विझता आवाज उचलून धरतो आणि सोबत गिटारची खरखरही उचलतो. मोठ्या आवाजातल्या फीडबॅकची गोष्ट वेगळी. तिथे स्पीकरमधून आलेली हवेची कंपने तारेला खरोखर हलवतात. डेव्हिड बोवीच्या १९७७ सालच्या ‘हीरोज’ या गाण्यात रॉबर्ट फ्रिपने असेच लांब स्वर काढले, आणि वेगवेगळ्या स्वरांसाठी त्याला स्पीकरपासून वेगवेगळ्या अंतरांवर उभे राहावे लागले. ही अंतरांची अट पुढच्या विवेचनात महत्त्वाची ठरते. आवाजाचा जोर तेवढाच असतानाही स्वर पकडला जातो की नाही, हे परत येणारी लाट तारेला कोणत्या क्षणी भेटते यावर अवलंबून होते.

विजेने कंपन टिकवण्याची कल्पना गिटारहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने विद्युतचुंबकांनी नादकाटे अखंड कंपत ठेवून स्वरांच्या घटकांचा अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बनलेल्या कोरलसेलो या वाद्यात पियानोच्या तारा विद्युतचुंबकांनी वाजत ठेवल्या जात. गिटारसाठी ग्रेग हीटने १९६९ मध्ये ई-बोची कल्पना साकारली आणि १९७६ मध्ये ती बाजारात आणली. हातात धरायच्या या उपकरणात टिपणारी कॉइल, हलवणारी कॉइल आणि ९ व्होल्टची बॅटरी एकत्र असतात आणि ते एका वेळी एकाच तारेवर चालते. कॅनडाच्या मायकेल ब्रुकने १९८० च्या दशकात ‘इन्फिनिट गिटार’ घडवली. यू-टू या बँडच्या एजने ती ‘विथ ऑर विदाउट यू’ या १९८७ सालच्या गाण्यात वापरली. पुढे फर्नांडिस आणि सस्टेनिॲक यांनी गिटारच्या अंगातच बसणारे, सहाही तारांवर चालणारे संच विकायला काढले. घरगुती प्रयोग बहुतेक याच शेवटच्या वर्गाचे अनुकरण करतात.

आता ऊर्जेचा हिशेब. गिटारच्या तारेचा ताण साधारण ७० ते ८० न्यूटन असतो आणि फेंडर पद्धतीच्या गिटारवर तिची कंपणारी लांबी ६४८ मिलिमीटर. अशी तार मध्यभागी १ मिलिमीटर हेलकावत असेल, तर तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ०.३ मिलिज्यूल भरते. ही ऊर्जा सेकंदाभरात मोठ्या अंशाने ओसरते असे धरले, तरी तार जिवंत ठेवायला ०.३ मिलिवॉटच्या आसपास शक्ती पुरते. घरगुती सर्किटांत हमखास दिसणारी एलएम ३८६ ही आठ पायांची आयसी ९ व्होल्टवर ८ ओहमच्या कॉइलला काही शे मिलिवॉट देऊ शकते. म्हणजे गरजेच्या हजारपट. यावर असा आक्षेप येईल की ड्रायव्हरची कार्यक्षमता फार कमी आहे, बहुतेक शक्ती तांब्यात उष्णता होऊन जाते, म्हणून हे हजारपटही कमी पडू शकते. आक्षेप निम्मा खरा आहे. कॉइल तारेपासून तीन-चार मिलिमीटरवर असते आणि तिचे बहुतेक क्षेत्र तारेला चुकवूनच जाते. तरीही एलएम ३८६ वर चालणारे सस्टेनर आहेत आणि त्याहून कितीतरी दणकट ॲम्प्लिफायर लावूनही न चालणारे आहेत, तेव्हा फरक शक्तीत नाही हे उघड आहे.

फरक आहे तो कलेत, म्हणजे फेजमध्ये. पिकअपमधला व्होल्टेज तारेच्या वेगाच्या प्रमाणात असतो. ड्रायव्हरचे बल त्यातल्या प्रवाहाच्या प्रमाणात असते. बल आणि वेग एकाच दिशेने, एकाच क्षणी असतील तेव्हा तारेला ऊर्जा मिळते. बल ९० अंशांनी मागे पडले तर ऊर्जा शून्य, फक्त स्वर किंचित सरकतो. १८० अंशांनी मागे पडले तर तेच यंत्र तार दाबून टाकते. मधल्या कोनांना उपयोगी भाग कोनाच्या कोसाइनइतका उरतो. कॉइलमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या मागे किती पडेल हे तिचे प्रवर्तन आणि रोध यांच्या गुणोत्तरावर ठरते. समजा कॉइलचा रोध ८ ओहम आणि प्रवर्तन १ मिलिहेन्री आहे. सर्वात बारीक तार मोकळी वाजवली, ३३० हर्ट्झला, तर पिछाडी साधारण १५ अंश पडते. २४ व्या पडद्यावर, १,३१८ हर्ट्झला, ती ४६ अंश होते. दोन्ही ठिकाणी यंत्र चालते. आता जोर वाढेल या आशेने कॉइलसाठी तांब्याच्या त्याच तारेचे पाचपट वेढे घेतले, तर रोध पाचपट आणि प्रवर्तन पंचवीसपट होते. पिछाडी ३३० हर्ट्झला ५२ अंशांवर आणि १,३१८ हर्ट्झला ७९ अंशांवर जाते, आणि तिथे उपयोगी बल पंचमांशाहून कमी उरते. जाड तारा गातात, बारीक तारा मरतात, ही घरगुती सस्टेनरची नेहमीची तक्रार इथून येते.

म्हणून प्रयोगांती बहुतेकांनी स्वीकारलेली कॉइल दिसायला अगदी गरीब असते. सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची इनॅमल्ड तांब्याची तार, म्हणजे एसडब्ल्यूजीच्या मापाने ३६ नंबर. शंभर ते सव्वाशे वेढे. जेमतेम १४-१५ मीटर तार. रोध ८ ओहमच्या जवळ. वेढे चपटे, तीनेक मिलिमीटर उंचीत, पोलादी पट्टीच्या वरच्या काठाशी घ्यायचे, म्हणजे बल तारेजवळ राहते. प्रत्येक थराला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावून कॉइल दाबून घट्ट वाळवायची. सैल वेढे स्वतःच कंपतात आणि शिट्टी सुरू करतात. पट्टीखाली कायमचुंबक लागतोच. ओढ चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, स्थिर क्षेत्र नसेल तर नुसत्या बदलत्या प्रवाहाचे बल मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचे होते आणि तारेला ते भलत्याच तालात ढकलते. स्थिर क्षेत्रावर बारीक बदल स्वार झाला की बल मूळ स्वराचेच राहते. साधा फेराइट चुंबक पुरतो. फार जोरदार निओडिमियम चुंबक तारेला खेचून धरतो आणि सूरच बिघडवतो.

गिटारवर आधीच असलेला नेक पिकअप उलटा चालवून ड्रायव्हर का करू नये, हा प्रश्न साहजिक आहे. त्याच्यावर जवळपास आठ हजार वेढे असतात, पण रोध सुमारे ६ किलोओहम आणि प्रवर्तन दोन-अडीच हेन्री. ९ व्होल्टच्या बॅटरीवर त्यातून एक मिलिअँपिअरही प्रवाह जात नाही. वेढे आणि प्रवाह यांचा गुणाकार शंभर वेढ्यांच्या कॉइलपेक्षा अनेक पटींनी कमी येतो, आणि वरच्या स्वरांना पिछाडी सत्तर अंशांपुढे जाते. हाच न्याय सर्किटच्या दुसऱ्या टोकालाही लागू आहे. एलएम ३८६ चा निवेश रोध ५० किलोओहम आहे. पिकअप थेट जोडला तर त्याचे स्वतःचे प्रवर्तन तिथेच १ किलोहर्ट्झला १५ अंशांच्या आसपास पिछाडी घडवते. मध्ये एक जेफेट किंवा टीएल ०७२ चा बफर घातला की ती जवळपास नाहीशी होते. बफर आवाज वाढवण्यासाठी घालतात असा समज आहे. त्याची खरी किंमत या वाचलेल्या अंशांत आहे.

दुसरी अडचण गळतीची. ड्रायव्हरचे क्षेत्र तारेकडे जाते तसे हवेतून थेट पिकअपकडेही जाते. हा आडमार्ग तारेच्या मार्गाहून बलवान झाला, की यंत्र तार विसरून स्वतःशीच किंचाळू लागते, बहुधा पिकअपच्या अनुनादाजवळ, काही किलोहर्ट्झला. इथे ॲम्प्लिफायर मोठा करणे सरळसरळ घातक आहे, कारण दोन्ही मार्ग सारखेच मोठे होतात. अंतर वाढवणे हाच भरवशाचा उपाय. चुंबकीय क्षेत्र दूरवर अंतराच्या जवळपास घनाच्या प्रमाणात घटते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर नेकची जागा ब्रिजपासून १६२ मिलिमीटरवर, ब्रिज पिकअप ४१ वर आणि मधला सुमारे ९८ वर असतो. नेकला ड्रायव्हर बसवून ब्रिज पिकअपने टिपले तर मधे १२१ मिलिमीटर मिळतात; मधल्या पिकअपने टिपले तर ६४, आणि गळती ढोबळमानाने सातपट. कॉइल बिंदूएवढी नसल्याने हा आकडा काटेकोर नाही, पण निर्णय करायला पुरेसा आहे. किंचाळी दाबायला वरच्या कंपनसंख्या गाळणारा फिल्टर घालता येतो, मात्र फिल्टरही पिछाडी आणतो आणि आधी वाचवलेले अंश खर्च होतात. सस्टेनर चालू असताना बाकीचे पिकअप पूर्ण तोडणारा स्विच, आणि ड्रायव्हरच्या प्रवाहासाठी बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर, या दोन गोष्टी वगळल्या तर उत्तम कॉइलही वाया जाते.

जागेचा प्रभाव सर्वात सुंदर दिसतो तो हार्मोनिक मोडमध्ये. ड्रायव्हरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या की मूळ स्वर विझतो आणि त्याच्या जागी वरचा एखादा स्वर फुलून येतो. कारण भूमितीत आहे. मोकळ्या तारेवर नेकची जागा बरोबर एक चतुर्थांशावर आणि ब्रिज पिकअप सोळाव्या भागाजवळ येतो. पहिल्या तीन अंशस्वरांना (हार्मोनिक्सना) तार या दोन्ही ठिकाणी एकाच बाजूला झुकते. चौथ्याला ड्रायव्हरखाली निस्पंद बिंदू येतो. पाचव्यापासून सातव्यापर्यंत दोन ठिकाणे विरुद्ध दिशांना हलतात. साहजिकच सरळ जोडणीत पहिले अंशस्वर पोसले जातात आणि पाचवा-सहावा दाबला जातो. उलट्या जोडणीत नेमके याच्या विरुद्ध घडते. पाचवा अंशस्वर म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार, आणि सहावा त्यावरचा पंचम. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होते, ड्रायव्हर तिच्या मध्यावर येतो आणि तिसरा अंशस्वर उलट बाजूला जातो, म्हणून तिथे पंचम उमटण्याची शक्यता अधिक. हार्मोनिक मोडमध्ये पडद्यागणिक स्वर बदलतो हा दोष मानला जातो. तो तारेच्या भूमितीचा सरळ परिणाम आहे आणि वादकाला तो शिकून वापरता येतो.

तयार ई-बो मिळत असताना हा खटाटोप कशाला, या आक्षेपात तथ्य आहे. एका तारेवर सरकणाऱ्या सुरावटींसाठी ई-बो घरगुती यंत्राहून सरस ठरतो. दोन्ही कॉइल एकाच तारेजवळ असल्याने त्याला शक्तीही थोडी लागते. पण तो उजवा हात अडवतो, आणि एका तारेवरून दुसरीवर झटकन जाता येत नाही. अंगात बसवलेला सस्टेनर हात मोकळा ठेवतो. खर्चाचे म्हणाल तर आयसी, बफर, पॉट आणि स्विच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ किमतीला मिळतात आणि तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. महाग पडतो तो कॉइल पुन्हापुन्हा गुंडाळण्याचा वेळ.

अधिक गंभीर आक्षेप संगीताचा आहे: विझत जाणे हाच छेडलेल्या तारेचा स्वभाव, तो काढून घेतला की गिटार राहत नाही. स्वराची सुरुवात मात्र सस्टेनर काढून घेत नाही. छेडल्याचा ठोका तसाच राहतो, बदलते ती त्यानंतरची अवस्था. आपल्याकडे सतारिये आणि सरोदिये विझत्या स्वरातून मींड काढतात, तर सारंगी तीच मींड अखंड स्वरात खेचते. दोन्ही अभिव्यक्ती पूर्ण आहेत. मायकेल ब्रुकने विद्युत मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्यासोबत १९९५ मध्ये ‘ड्रीम’ हा अल्बम केला. तुटक, चपळ मँडोलिन आणि न संपणारी गिटार शेजारी ठेवली की दोघांचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो हे तिथे ऐकता येते.

मर्यादा मात्र मान्य करायला हव्यात. नायलॉनच्या तारांवर सस्टेनर चालतच नाही आणि ब्राँझ वेढलेल्या अकूस्टिक तारांवर क्षीण चालतो, कारण चुंबक फक्त पोलादाला आणि निकेलला धरतो. कॉर्ड वाजवली तर सहाही तारा सारख्या टिकत नाहीत; ज्या तारेचे कंपन मोठे आणि कला जुळती, ती ॲम्प्लिफायर व्यापते आणि बाकीच्या मागे पडतात. आपोआप पातळी सांभाळणारे सर्किट हा तोल थोडा सावरते. जोडणी पूर्ण झाल्यावर पहिली चाचणी गेन अगदी कमी ठेवून, तिसरी तार बाराव्या पडद्यावर दाबून घ्यावी. स्वर वाढण्याऐवजी चटकन विझला, तर ड्रायव्हरच्या वायरी उलट्या आहेत. स्वर न येता शिट्टी आली तर गेनला हात न लावता आधी कॉइलची जागा, वायरींचे मार्ग आणि अर्थची जोडणी तपासावी.