"हे कशावरून?": रांके यांच्या अभ्यासिकेतील एक प्रश्न

निबंध वाचून झाल्यावर मित्र म्हणतो, "छान लिहिलं आहेस." लिहिणाऱ्याला बरे वाटते आणि निबंधातील चूक जागच्या जागी राहते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी परस्परांचे लेखन कसे तपासावे, याची एक रीत १८३० च्या दशकात बर्लिनमध्ये रुजली. तिची ही हकिकत. #धागा

लिओपोल्ड फॉन रांके १८२५ साली बर्लिन विद्यापीठात आले. आदल्या वर्षीच्या त्यांच्या पहिल्या ग्रंथाला एक पुरवणी होती. ग्विच्चार्दिनी या नामवंत इटालियन इतिहासकाराने इतरांच्या ग्रंथांतून किती मजकूर उचलला, हे तीत दाखवले होते. व्याख्याते म्हणून मात्र रांके फिकेच. त्यांचे पुटपुटणे श्रोत्यांना नीट ऐकूही येत नसे.

त्यांचे खरे अध्यापन घरच्या अभ्यासिकेत चाले. तेथे मोजके विद्यार्थी जमत. मध्ययुगीन साधनांवर एखाद्याने काही लिहून आणावे आणि इतरांदेखत त्याची छाननी व्हावी, असा परिपाठ होता. विषय निवडण्याची मोकळीक भरपूर, पण विधानाला आधार नसेल तर गय नाही. प्रश्न शैलीचा नसे. ही गोष्ट सांगणारा तेथे हजर होता का? नसल्यास त्याला ती कोणी सांगितली? बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे प्रश्न नवे वाटू नयेत.

१८३७ च्या सुमारास या मंडळींसमोर पहिल्या क्रुसेडची साधने आली. तोवरची सर्वमान्य कथा अशी: पीटर नावाचा संन्यासी जेरुसलेमला गेला, त्याला तेथे येशूचा दृष्टान्त झाला, परतून त्याने पोपला गाठले आणि त्यातून क्रुसेड उभे राहिले. या कथेचा मोठा आधार म्हणजे टायरचा आर्चबिशप विल्यम. विल्यमचा हा वृत्तान्त स्वतंत्र नाही, ही शंका रांके यांनीच पुढे ठेवली.

हाइनरिश फॉन झिबल तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याने ती शंका उचलली आणि ग्रंथ ओळीला ओळ लावून ताडून पाहिले. विल्यमचा जन्मच मुळी क्रुसेडनंतर सुमारे तीन दशकांनी झालेला. पीटरची कथा त्याने आखेनच्या आल्बर्टकडून घेतली होती आणि आल्बर्ट स्वतः पूर्वेकडे कधी गेलाच नव्हता. मोहिमेत प्रत्यक्ष असलेल्या लेखकांना पीटर ठाऊक आहे, पण क्रुसेडचा जनक म्हणून नव्हे. १८४१ मध्ये झिबलचा ग्रंथ निघाला आणि श्रेय पीटरकडून पोप दुसरा अर्बन याच्याकडे गेले. सात शतके चाललेली कथा एका विद्यार्थ्याच्या अभ्यासातून कोसळली.

याच वर्तुळातल्या झिगफ्रीड हिर्श आणि गेऑर्ग वाइट्झ यांनी मिळून १८३९ मध्ये कोर्वाय मठाचे प्राचीन म्हणून छापले गेलेले एक इतिवृत्त बनावट ठरवले. वाइट्झने पुढे ग्योटिंगेनमध्ये स्वतःचा असाच वर्ग चालवला आणि ही रीत जर्मनीबाहेरही पसरली. आपल्या एम.ए.च्या वर्गातला 'सेमिनार' याच कुळातला. फक्त आपल्याकडे पुष्कळदा निबंध वाचला जातो, टाळ्या पडतात आणि छाननी राहून जाते.

त्या अभ्यासिकेचे फार गोडवे गाऊ नयेत. तेथे स्त्रियांना जागा नव्हती. प्रशियाच्या विद्यापीठांत त्यांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९०८ मध्ये. शिवाय गुरूची शंका शिष्याने सिद्ध करणे वेगळे आणि बरोबरीच्याने बरोबरीच्याला अडवणे वेगळे. झिबलच्या बाबतीत पहिले अधिक घडले असावे.

खुद्द झिबलही छाननीतून सुटला नाही. आल्बर्टला त्याने जवळजवळ निकालात काढले होते. १९८५ मध्ये ब्लेक आणि मॉरिस या अभ्यासकांनी पीटरचा वाटा पुन्हा विचारात घ्यायला हवा, असे मांडले. २००७ मध्ये सुझन एजिंग्टन यांनी आल्बर्टच्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. परतलेल्या यात्रेकरूंच्या तोंडून ऐकलेले कितीतरी तपशील त्यात आहेत, इतरत्र न सापडणारे. झिबलने जो साक्षीदार बाहेर काढला होता, त्याची साक्ष अभ्यासक आज पुन्हा नोंदवून घेत आहेत.