लायटरच्या दगडाची कुळकथा

येवलें शहर पैठणीसाठीं आणि जरीच्या कामासाठीं महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचें आहे. याच येवल्यांत १८१४ च्या सुमारास तात्या टोपे यांचा जन्म झाला. त्या वेळीं घांसून पेटणारी आगकाडी जगांत कोठेंच नव्हती. ती इंग्लंडांत जॉन वॉकर यानें १८२६ सालीं शोधून काढली. तोंपर्यंत चुलींतला निखारा राखेखालीं जपावा, तो विझला तर शेजारघरून विस्तव आणावा, नाहीं तर चकमक झाडावी, हाच घरोघरचा रिवाज होता.

चकमक म्हणजे पोलादाचा तुकडा. त्यावर गारगोटी तिरपी मारली कीं ठिणगी उडते आणि कापसावर पडून धुमसूं लागते. पाहणाऱ्याला वाटतें कीं अग्नि दगडांत दडला होता. वस्तुस्थिति उलट आहे. गारगोटी पोलादाहून कठीण असल्यामुळें ती त्याचे सूक्ष्म कण खरवडून काढते. घर्षणानें तापलेले ते कण हवेंत जळतात. दगड केवळ कापण्याचें काम करतो. जळतें तें लोखंड.

तात्यांच्या जन्मापूर्वीं अकरा वर्षें, म्हणजे १८०३ सालीं, स्वीडन व जर्मनी या देशांतील रसायनज्ञांना सिरियम नांवाच्या नव्या मूलद्रव्याचा पत्ता लागला होता. विरल मृत्तिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धातूंपैकीं हा एक. नांवांत विरलता असली तरी पृथ्वीच्या कवचांत सिरियम जवळजवळ तांब्याइतका आहे. कठीण आहे तें त्याला सोबतच्या धातूंपासून वेगळें करणें. त्यामुळें कित्येक वर्षें तो प्रयोगशाळेबाहेर पडलाच नाहीं.

त्याला बाहेर आणणारा कार्ल आउएर फॉन वेल्सबाख हा व्हिएन्ना येथें १८५८ सालीं जन्मला. त्या वर्षीं तात्या इंग्रजी फौजांना मध्य हिंदुस्थानांत व राजपुतान्यांत झुलवीत होते. पुढच्याच वर्षीं शिवपुरीस त्यांना फांशी झाली. आउएरनें १८९१ सालीं थोरियमचे नव्व्याण्णव भाग व सिरियमचा एक भाग असें प्रमाण ठरवून गॅसबत्तीची जाळी यशस्वी केली. लग्नाच्या वरातींत आणि कीर्तनाच्या मंडपांत ज्या पांढऱ्या उजेडाची पुढें ओळख झाली, तो याच जाळीचा. पण जाळीला थोरियम हवा, आणि मोनाझाइट या खनिजांत थोरियम थोडा व सिरियमादि धातु पुष्कळ. कारखान्यांत उरलेल्या मालाचे ढीग सांचूं लागले. त्यांचा उपयोग शोधतां शोधतां आउएरनें १९०३ सालीं सिरियमप्रधान मिश्रणांत सुमारें तीस टक्के लोखंड घालून एक मिश्रधातु केला. हाच फेरोसिरियम, म्हणजे बाजारांतला लायटरचा दगड.

याचा गुण येवल्याच्या कारागिराला चमत्कारिक वाटेल. जरीचें सारें मर्म धातूच्या लवचिकपणांत आहे. चांदी केंसासारखी ओढली जाते व चपटी होऊन रेशमावर गुंडाळली जाते. फेरोसिरियमचें मर्म त्याच्या ठिसूळपणांत. नुसतें सिरियमप्रधान मिश्रण मऊ असतें. लोखंडानें त्याला कठीणपणा व ठिसूळपणा येतो, आणि म्हणूनच दातेरी पोलादी चाकाखालीं त्याचे बारीक कण तुटून उडतात. हे कण थोड्याशा उष्णतेनें पेट घेतात. त्यांच्या ठिणगीपुढें जुन्या चकमकीची ठिणगी फिकी पडते. अशा रीतीनें भूमिका बदलल्या: पूर्वीं लोखंड जळे व दगड कापी, आतां पोलाद कापतें आणि ज्याला दगड म्हणतात तो धातु जळतो. पावसाळ्यांत भिजलेली काडी वायां जाते. हा तुकडा पुसला कीं पुन्हां कामास येतो. मात्र दमट हवेंत फार दिवस उघडा राहिला, तर त्याचा भुगा होतो.

या ठिणगीचें मूळ द्रव्य आपल्याच किनाऱ्यावर पसरलेलें होतें. १९०९ सालीं शोम्बर्ग नांवाच्या जर्मन रसायनज्ञास त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत मोनाझाइट आढळलें. मणवाळकुरिची येथें ती वाळू काढण्याचा उद्योग सुरू झाला. पुढें पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं तो उद्योग आपल्या हातीं घेतला. वाळू येथून जाई; जाळी आणि ठिणगी तिकडे तयार होई. दुसऱ्या महायुद्धानंतर थोरियमला अणुशक्तीमुळें महत्त्व आलें, तेव्हां वाळूचें खरें मोल ध्यानांत आलें. १९५० सालीं ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि केरळांत आलुवा येथें १९५२ सालीं मोनाझाइट शुद्ध करणारा कारखाना उभा राहिला.

त्यानें प्रश्न मिटला असें नाहीं. लोखंडाशीं याच कुळांतील निओडिमियम व थोडें बोरॉन मिळविलें कीं अतिशय बलवान चुंबक होतो, हें १९८० नंतरच्या दशकांत सिद्ध झालें. विजेवर चालणाऱ्या मोटारींस तो लागतो. एप्रिल २०२५ मध्यें चीननें कांहीं विरल मृत्तिकांच्या व त्यांपासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हां भारतांतील मोटार-कारखानदारांस त्याची झळ लागली. वाळू पदरीं असणें ही एक गोष्ट, आणि तिच्यांतून धातु काढून त्याला घडविण्याची विद्या हातीं असणें ही दुसरी. गारगोटी सह्याद्रीच्या कुशींत वाटेल तेथें पडलेली असे. परंतु विस्तव त्याच्याच घरीं पेटे, ज्याच्या चंचींत चकमकीचें पोलादही असे.