वादळाला जात नसते, छपराला असते

दर उन्हाळ्यात वऱ्हाडात वारा-वावधान उठते. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर ऊन तापते, दुपारनंतर आभाळ भरून येते आणि अर्ध्या तासात होत्याचे नव्हते होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेली बातमी येते : टिनपत्रे उडाली, झाड घरावर कोसळले, झाडाखाली थांबलेली शेतमजूर महिला वीज पडून ठार. तलाठी येतो, पंचनामा होतो, 'नैसर्गिक आपत्ती' असा शेरा पडतो आणि फाईल बंद होते.

आमचा आक्षेप या शेऱ्यावर आहे. वारा निसर्गाचा आहे, हे मान्य. पण कोणाच्या डोक्यावर स्लॅब आणि कोणाच्या डोक्यावर दगड ठेवून दाबलेले टिन, हे निसर्गाने ठरवलेले नाही. ते गावाने, सरकारने आणि हजारो वर्षांच्या व्यवस्थेने ठरवले आहे. जगाचा इतिहास तपासला तर दिसते की वादळ थांबवता आले नाही तरी वादळातले मरण थांबवता येते. ज्या समाजाने ते मनावर घेतले, तिथली माणसे वाचली.

पारसची रात्र

९ एप्रिल २०२३, रविवार. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारस येथे एका मंदिरात भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला तसे लोक आडोशाला टिनाच्या शेडखाली गेले. शेजारचे जुने कडुनिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले. सात माणसे गेली, कित्येक जखमी झाली.

कोणी म्हणेल, मंदिरात गेलेच कशाला? अंधश्रद्धेविरुद्ध आम्ही रोज बोलतो, पुढेही बोलू. पण मेलेल्या माणसाच्या दारात उभे राहून हा हिशेब मांडणे माणुसकीला धरून नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. वादळ आल्यावर शंभर पावलांवर धाव घेता येईल अशी एखादी पक्की, सर्वांसाठी उघडी जागा तिथे होती का? याच पारसमध्ये २५० मेगावॅटचे दोन संच असलेले औष्णिक वीज केंद्र उभे आहे. ते वाऱ्याने उडत नाही, कारण ते उडू नये म्हणूनच बांधलेले आहे. म्हणजे मजबूत बांधण्याची विद्या गावाच्या वेशीपर्यंत पोहोचली होती. ती माणसांच्या डोक्यावर मात्र आली नाही.

शब्दावर बंदी घालणारे राज्य

आता थोडे लांब जाऊ. आपण जिला वावटळ म्हणतो तिचे राक्षसी रूप म्हणजे टोर्नेडो : गडगडाटी ढगातून जमिनीला टेकणारा वाऱ्याचा भोवरा. आपल्याकडचे वावधान बहुतेक वेळा भोवरा नसते. ढगातून खाली आदळून जमिनीवर पसरणारा तो वारा असतो. पण टिनाखालच्या माणसाला दोन्ही सारखेच. दोन्ही काही मिनिटांत येतात आणि दोन्ही आधी छप्पर उचलतात.

अमेरिकेत टोर्नेडो सर्वाधिक होतात. तरीही १८८० च्या दशकात तिथल्या सरकारी हवामान खात्याने अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरण्यावर बंदी घातली. कारण काय, तर लोक घाबरतील! ही बंदी १९३८ पर्यंत टिकली. त्याच काळात, १८ मार्च १९२५ रोजी, मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एकच टोर्नेडो गेला आणि ६९५ माणसे मेली. त्यांना कोणी सावध केले नव्हते. लोकांना ज्ञान दिले तर लोक बिथरतील, ही सबब आपल्याला नवी आहे का? ज्यांच्या पूर्वजांना अक्षरबंदी होती त्यांना हा इतिहास समजावून सांगायची गरज नाही.

पुढे चित्र बदलले. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील एका हवाई तळावर दोन लष्करी हवामान अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा इशारा दिला आणि तो त्याच दिवशी खरा ठरला. १९७० मध्ये टेक्सासच्या लबक शहरात टोर्नेडोने २६ बळी घेतले. तिथल्या विद्यापीठाच्या अभियंत्यांनी पडझड तपासली तेव्हा त्यांना दिसले की घर नाहीसे झाले तरी घराच्या पोटातली न्हाणीघरासारखी छोटी खोली कधी कधी उभी राहते. त्यातून घरातच एक मजबूत निवारा-खोली बांधण्याची कल्पना पुढे आली. पण श्रीमंत देशातही ही खोली सर्वांना मिळाली नाही. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील मूर येथे एका प्राथमिक शाळेत सात मुले मेली. त्या शाळेत असा निवारा नव्हता.

निवाऱ्याने काय होते?

आता आपल्या शेजारी पाहू. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे मेली. नोंदवलेल्या इतिहासातील हा सर्वात प्राणघातक टोर्नेडो मानला जातो. त्याचा वेग अमेरिकेतल्या मोठ्या टोर्नेडोंपेक्षा जास्त होता म्हणून नव्हे; दाट वस्ती आणि कच्ची घरे, म्हणून.

त्याच बांगलादेशात समुद्री चक्रीवादळांचा हिशेब बघा. १९७० मध्ये किमान तीन लाख बळी. १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. २००७ च्या 'सिद्र' वादळात सुमारे साडेतीन हजार. साडेतीन हजार हा आकडाही लहान नाही, पण या काळात किनाऱ्यावर खांबांवर उभे सिमेंटचे निवारे बांधले गेले आणि गावोगाव इशारा देणारे स्वयंसेवक तयार झाले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण नेमले, शेकडो निवारे बांधले. २०१९ च्या 'फनी' वादळाआधी सुमारे १२ लाख लोकांना हलवले गेले आणि ओडिशातील मृत्यू ६४ वर थांबले. ओडिशा काही श्रीमंत राज्य नाही.

दार कोणासाठी उघडे?

पण इथेच थांबलो तर आपण अर्धाच इतिहास सांगितला असे होईल. निवारा बांधला म्हणजे सर्वांना मिळाला असे भारतात होत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत छावण्यांतून दलितांना बाजूला काढले गेले, याची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली. 'फनी'च्या वेळी पुरी जिल्ह्यात दलित कुटुंबांना निवाऱ्यात येऊ दिले नाही, अशा बातम्या आल्या. बाहेर मरण घोंघावत असताना दारात जात विचारली जाते! चवदार तळ्याच्या काठावर १९२७ मध्ये जो प्रश्न होता, तोच हा.

स्त्रियांचेही तसेच. बांगलादेशात १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी जास्त मेल्या. नवऱ्याच्या परवानगीची वाट, लेकरांचे ओझे आणि निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी सोय नसणे ही त्यामागची कारणे होती.

म्हणून कायदा पाठ असला पाहिजे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ६१ : नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्मावरून भेदभाव करता येणार नाही. आणि त्याच्याही वर संविधानाचे कलम १५ आणि कलम १७.

बाबासाहेब आणि ओडिशाचा पूर

आपत्ती म्हणजे दैव, हा विचार बाबासाहेबांनी कधीच मान्य केला नाही. १९४३ च्या दामोदर पुरानंतर, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेचा पाया घातला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओडिशाच्या नद्यांविषयीच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. पुराचे पाणी हे संकट समजून समुद्राकडे वाटेला लावणे हीच आधीच्या समित्यांची चूक आहे, ते पाणी अडवून सिंचन, वीज आणि जलवाहतुकीसाठी वापरले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. यात पूजा-अर्चा नाही, नवस नाही. कारण शोधा, योजना आखा, राज्याला जबाबदार धरा. वादळाकडेही आम्ही याच नजरेने पाहतो.

धारणीत काय मागायचे?

मेळघाट म्हटले की राज्याला कुपोषण आठवते. पण धारणी तालुक्यातल्या ढाण्यांवर कोरकू कुटुंबे बांबूच्या कुडाच्या, कवेलूच्या, टिनाच्या घरांत राहतात, याकडे वादळाच्या नजरेने कोणी पाहत नाही. होळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर खाली उतरतात आणि नेमक्या वावधानाच्या दिवसांत ताडपत्रीच्या पालात असतात. घरकुलाला ठरावीक रक्कम मिळते. त्यात भिंती कशाबशा होतात, वर पुन्हा टिनच पडते.

चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी कळते, वावधान काही मिनिटे आधी. म्हणून तालुक्याच्या गावी एक मोठे भवन बांधून भागणार नाही. निवारा पायी पाच मिनिटांच्या आत हवा. आमच्या मागण्या अशा :

प्रत्येक ढाण्यावर आणि प्रत्येक वस्तीत एक सार्वजनिक खोली स्लॅबची असावी. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांपैकी कोणतीही. तिच्यावर वीजरोधक असावा, बायकांसाठी आडोसा असावा.

किल्ली सरपंचाच्या घरी नको. अंगणवाडी सेविका किंवा बचत गटाकडे असावी. कुलपात बंद असलेला निवारा हा निवारा नव्हे.

घरकुलात निदान एक खोली स्लॅबची व्हावी, इतकी रक्कम वाढवावी.

पुण्याच्या संस्थेने विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप काढले, ते चांगलेच आहे. पण जिथे रेंज नाही तिथे इशारा भोंग्यावरून आणि कोरकू भाषेत पोहोचला पाहिजे.

वीटभट्टीवर आणि बांधकामावर मजुरांसाठी पक्की खोली असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. धारणी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसाचा पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतीकडे थेट येतो आणि तो कुठे खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. मृत्यूनंतर वारसाला चार लाख देणारे सरकार मृत्यूआधी एक स्लॅब का घालू शकत नाही?

तरुणांनो, १४ एप्रिल नेमका वावधानाच्या हंगामात येतो. यंदा जयंतीच्या आठवड्यात मिरवणुकीबरोबर एक वही घ्या. आपल्या वस्तीत, शेजारच्या ढाण्यावर, पालांवर जा. किती घरांवर टिन आहे, कोणते झाड कोणत्या छपरावर वाकले आहे, जवळची पक्की खोली किती पावलांवर आहे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे लिहा. १ मे च्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा आणि ठराव घ्या. आणि जिथे आपले बुद्धविहार पक्के आहे, तिथे वारा सुटल्याबरोबर दार सर्वांसाठी उघडा. आत येणाऱ्याला जात विचारू नका.

जय भीम!