मुफस्सिलची चाल

बारामती-इंदापूरकडून एखादा नवखा खेळाडू पुण्यातल्या बुद्धिबळ स्पर्धेला येतो, तेव्हा पहिल्याच फेरीत त्याची गाठ बहुधा तगड्या खेळाडूशी पडते. स्विस पद्धतीत वरच्या मानांकनाचा अर्धा गट खालच्या अर्ध्या गटाशी भिडतो. अशा वेळी हाताशी हमखास येते ती आपली आवडती ओपनिंग.

या सवयीला मोठा इतिहास आहे. 1848च्या सुमारास कलकत्त्याचा स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन याला बंगालच्या मुफस्सिलात, म्हणजे शहराबाहेरच्या भागात, मोहेशचंद्र बंद्योपाध्याय भेटले. कॉक्रेन मुरलेला खेळाडू. बहुतेक डाव त्यानेच जिंकले. तरी काळ्या मोहऱ्यांनी खेळताना मोहेशचंद्र पुन्हापुन्हा तीच मांडणी करत: राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे, त्याच्यामागे उंट.

या मांडणीचे मूळ देशी बुद्धिबळात असावे. तिथे प्यादे सहसा एकेकच घर सरके, किल्लेकोटाऐवजी राजा एकदा घोड्याची चाल चाले. त्यामुळे पटाचा मध्य आधी बळकावण्याची घाई नसे.

1855च्या एका डावात मोहेशचंद्रांनी याच मांडणीत वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलले, पण तो डाव कॉक्रेनने जिंकला. हीच ओपनिंग 1922मध्ये व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने खेळली आणि तिला त्याचे नाव मिळाले. श्रेयाची ही वाटणी खटकते.

देशी आणि युरोपीय बुद्धिबळाची गाठ मराठी मुलुखात मोहेशचंद्रांच्या या डावांआधीच पडली होती: 1814मध्ये तिरुवेंगडाचार्य शास्त्रींच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मुंबईत छापला गेला होता. तो युरोपीय नियमांना जुळवून घेतलेला होता.