नंदुरबारहून मक्का किती लांब?

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर आहे. थेट विमान पाच-साडेपाच तासांत पोचवतं. नंदुरबार ते मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पण धडगाव किंवा तळोद्याकडच्या माणसाला आधी नंदुरबार गाठावं लागतं, मग गाडी, मग मुंबईत विमानतळ. या सगळ्याला विमानापेक्षा जास्त तास लागतात. आमच्याकडच्या हाजीचा समुद्र लवकर संपतो, जमीन संपत नाही. पूर्वी हे नेमकं उलटं होतं.

मुघलकाळात सुरतेला ‘बाब-उल-मक्का’ म्हणत, म्हणजे मक्केचं दार. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा रस्ता नंदुरबार-नवापूरवरून जाई. इंग्रज वकील टॉमस रो 1615 साली सुरतेहून निघाला आणि पंधरा दिवसांत बुऱ्हाणपूरला पोचला, तो याच वाटेनं. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए यानं नवापूरच्या बारीक, कस्तुरीच्या वासाच्या तांदळाचं कौतुक केलंय. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला आला होता. इथल्या मराठ्यांची कारागिरी, वैद्यकी आणि ज्योतिष यांची त्यानं नोंद केली. आज ज्याला आपण आडबाजूचा जिल्हा म्हणतो, तो तेव्हा हमरस्त्यावर होता.

दार जवळ होतं, पण दारापलीकडे खरी परीक्षा होती. जहाजं वाऱ्यावर चालायची. ‘मौसम’ हा अरबी शब्द आपल्याकडे आला, त्यामागे वाऱ्याचा हाच हिशेब आहे. मौसम चुकला की काही महिने थांबणं आलं. बाबराची मुलगी गुलबदन बेगम 1575 मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. सुरतेला पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी खोळंबली, परतताना एडनजवळ जहाज फुटलं, आणि ती घरी पोचली 1582 मध्ये. बादशहाच्या आत्याची ही गत, तर खानदेशातल्या विणकराची काय असेल? 1695 मध्ये तर खुद्द औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परतताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं लुटलं.

पुढे सुरत मागे पडली, मुंबई वाढली. आगबोटी आल्या, आणि विसावं शतक उजाडताना ताप्ती खोऱ्यातली रेल्वेही आली. मुंबईहून हाजींना नेणारी जहाजं 1995 मध्ये बंद झाली. उरलं फक्त विमान.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. 1 मे 1960 पर्यंत सुरत आणि नंदुरबार एकाच मुंबई राज्यात होते. मग मध्ये सीमा आली. सुरत आजही रेल्वेनं एकशेसाठ किलोमीटरवरच आहे. तिथून 2019 मध्ये शारजाला विमानही सुरू झालं. तरी आमचा हाजी सुरतेच्या वेशीवरून वळून मुंबईलाच जातो, कारण हजची विमानं सुरतेहून सुटत नाहीत.

सुरतेची वाट मात्र ओस पडलेली नाही. दरवर्षी नंदुरबारचे आदिवासी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. त्यांना सीमा आडवी येत नाही, कारण तिकडच्या कारखान्यांना त्यांची गरज आहे. म्हणून मला वाटतं, अंतर किलोमीटरात मोजून भागत नाही. कोणाच्या सोयीसाठी कोणता रस्ता मोकळा ठेवला जातो, हे पाहिलं की मगच कळतं, कोण कशापासून किती लांब आहे.