संस्थानी कारभार, औद्योगिक विकास आणि राज्याची जडणघडण : शिरोली एमआयडीसीच्या संदर्भात

राज्य म्हणजे केवळ सीमा व सैन्य नव्हे. वसुली, न्याय, नोकरी व पाणी यांची विश्वासार्ह व्यवस्था म्हणजेही राज्यच होय. या दृष्टीने कोल्हापूरचा इतिहास अभ्यासनीय ठरतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा कोल्हापूर ब्रिटिशांचे मांडलिक होते. सार्वभौमत्व मर्यादित असल्यामुळे राज्याची उभारणी कारभाराच्याच मार्गाने करावी लागली. १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसविण्यात आली. १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिलची स्थापना झाली. तत्पूर्वी, २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या होत्या. हा आदेश सामाजिक न्यायाचा म्हणून सांगितला जातो व ते योग्यच आहे; परंतु राज्ययंत्रणा कोणाची, या प्रश्नाचे ते उत्तरही होते, याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते असे वाटते.

राधानगरी धरणाचे काम महाराजांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. तथापि पाण्याबरोबर ऊस वाढला, उसाबरोबर गुऱ्हाळे आली, आणि चरक व ऑईल इंजिने दुरुस्त करता करता उद्यमनगरातील कारागीर ओतकामात तरबेज झाले. पुढे शिरोलीत फौंड्री उद्योग बहरला, त्याची पाळेमुळे येथे आहेत.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजसत्ता संपली, कौशल्य मात्र उरले. महाराष्ट्र स्थापनेनंतर १९६१ च्या कायद्यान्वये १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. भूसंपादन, रस्ते, पाणी व दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे यांद्वारे नवे राज्य हातकणंगले तालुक्यातील शिरोली पुलाची या गावाच्या शिवारात पोहोचले. येथे शासनाने उद्योजक निर्माण केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याने त्यांना जागा दिली.

परंतु जमीन व पाणी देणारे महामंडळ एक, गावाचा कारभार पाहणारी ग्रामपंचायत दुसरी, आणि शेजारी १९७२ मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर महानगरपालिका तिसरी. हद्दवाढीचा प्रस्ताव जेव्हा जेव्हा पुढे आला, तेव्हा शिरोलीसह लगतच्या गावांनी त्यास विरोध केला. कर वाढेल, सुविधा मात्र येणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे केवळ हट्ट म्हणून बाजूस सारता येत नाही. शाहूकालीन रयतेला कराच्या मोबदल्यात बाजारपेठ व शाळा डोळ्यांनी दिसत होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा पाण्याखाली गेला. या पाण्याची जबाबदारी वरील तिघांपैकी कोणाची, याचे स्पष्ट उत्तर ग्रामस्थांना व कारखानदारांना अद्याप मिळालेले नाही.