टेल्कोची इस्टेट: जुन्या गाडीचा नवा संसार

ट्रकसाठी नावाजलेल्या टेल्कोने 1992 साली इस्टेट बाजारात आणली. पाया टाटामोबाइल या पिकअपचा, इंजिन 1,948 सीसीचे डिझेल. पॉवर स्टिअरिंग आणि पॉवर विंडो ही चैन तेव्हा देशी गाड्यांत विरळाच. घरची पाच माणसे ऐसपैस बसूनही मागे बॅगा, वळकट्या आणि आंब्याच्या पेट्या मावत.

घाटात मात्र ती दमायची.

2000च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. आज अशी गाडी पुन्हा उभी करायची, तर आधी मागचे दार तपासावे लागते. काचेभोवतीचे रबर कडक झाले की पाणी आत झिरपते आणि पत्रा आतून सडतो. बाहेर दिसतात ते रंगाला आलेले फुगे. जाणता कारागीर तिथे नुसती लांबी भरत नाही, सडका तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करतो. पिकअपशी नाते असल्याने यांत्रिक सुटे भाग शोधायला थोडा वाव राहतो.

दम वाढवायला टर्बो इंजिन बसवायचे, तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. शिवाय 15 वर्षे उलटली की दर 5 वर्षांनी फेरनोंदणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच.